४० मीटरच्या सेटचा रिसीव्ह फिल्टर लावताना

घरी बनवलेला ४० मीटरचा सेट, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर ऐकायचा-बोलायचा हॅम (हौशी) रेडिओ, बहिरा वाटायला लागला की बहुतेक जण एकच करतात, झाकण उघडायचं, एखादं बरं स्टेशन लावायचं आणि फिल्टरचे ट्रिमर (फिरवून कमी-जास्त करायचे छोटे कपॅसिटर) आवाज वाढेल तिकडं फिरवत बसायचं. आवाज वाढतो पण, आणि तिथंच घोळ होतो, कारण माणसाला वाटतं झालं काम, फिल्टर लागला. त्या एका स्टेशनपुरता तो लागलेला असतो. आपल्याकडं हॅमला ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ अशी २०० किलोहर्ट्झची पट्टी आहे आणि ह्या सगळ्या पट्टीत सेट सारखाच ऐकला पाहिजे आणि पट्टीच्या बाहेरचं आत येता कामा नये, ह्या दोन्ही गोष्टी जमल्या तर अलाइनमेंट झाली म्हणायची. नुसता एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) वर चढवला म्हणजे काही खरं नाही. हे मी आमच्या इथल्या नवीन पोरांना सारखं सांगत असतो, म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

मध्यंतरी इचलकरंजीचा एक पोरगा सेट घेऊन कोल्हापूरला राजारामपुरीत माझ्या घरी आला. नवीन लायसन्स, बिटएक्स नावाच्या घरी बनवायच्या सेटचं सर्किट बघून स्वतः पीसीबी काढलेली, टाके बघितले तर एकदम स्वच्छ, मला लई बरं वाटलं. म्हणाला, "दादा, सकाळच्या नेटवर सगळी म्हणत्यात तुझा सिग्नल झकास हाय, पण खाली सीडब्ल्यूकडं गेलो की बँडच मेल्यागत वाटतंय बघा." नेट म्हणजे ठरल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर जमणारी हॅम मंडळी, आणि सीडब्ल्यू म्हणजे मोर्स, ते पट्टीच्या खालच्या टोकाला चालतं.

"अँटेना बघितलीस?"

"बघितली की. एसडब्ल्यूआर दीडच्या आतच हाय सगळीकडं."

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप, दीडच्या आत म्हणजे अँटेना ठीक. मग डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावून ट्रान्समिट करून बघितलं तर ७.१५० ला सहा वॅट आणि ७.०३० ला अर्धा वॅटसुद्धा नाही. इथंच निम्मं निदान झालं. बिटएक्स हे सर्किट हैदराबादच्या अशर फरहान यांचं, आणि त्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे त्याचे ॲम्प्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात, त्यामुळं रिसीव्हला जो बँडपास फिल्टर (हवी तेवढीच पट्टी आत सोडणारा) तोच ट्रान्समिटलाही. फिल्टर तिरका लागला की ऐकायलाही तिरकं आणि बोलायलाही तिरकं. त्यामुळं ऐकणं आणि पॉवर दोन्ही एकाच टोकाला पडत असेल तर आधी फिल्टरवरच संशय घ्यायचा, पीएचे (शेवटच्या पॉवर ॲम्प्लिफायरचे) ट्रान्झिस्टर बदलत बसायचं नाही. (नंतर आलेल्या यूबिटएक्समध्ये ही भानगडच नाही, त्याचा पहिला आयएफ, म्हणजे आलेला सिग्नल ज्या ठराविक मधल्या फ्रिक्वेन्सीला बदलतात ती, ४५ मेगाहर्ट्झला आहे आणि पुढं नुसता ३० मेगाहर्ट्झचा लो-पास, म्हणजे त्याच्या वरचं अडवणारा फिल्टर, फिरवायला ट्रिमर नाहीतच.)

आता हा फिल्टर अडवतो तरी काय ते नीट बघू, कारण ते कळल्याशिवाय लावायचा कसा तेही कळत नाही. ह्या सेटचा आयएफ, म्हणजे एकेक स्टेशन वेगळं काढणारा क्रिस्टल फिल्टर, १२ मेगाहर्ट्झचा. मिक्सर आलेल्या सिग्नलमध्ये सेटचा स्वतःचा ऑसिलेटर मिसळून दोघांची बेरीज-वजाबाकी काढतो, म्हणून ७.१ ऐकायचं तर ऑसिलेटर ४.९ ला, १२ वजा ७.१. पण १६.९ मधून ४.९ वजा केले तरी १२ च येतात, म्हणजे १६.९ वर जे काही चालू असेल तेही त्याच जागी ऐकू येणार. ही झाली इमेज. दुसरं म्हणजे खुद्द १२ मेगाहर्ट्झ. २५ मीटरचा ब्रॉडकास्ट बँड साधारण ११.६ ते १२.१ पर्यंत असतो, त्यातलं एखादं दांडगं स्टेशन बँडपास फिल्टर चुकवून आत घुसलं तर ते सरळ आयएफमध्येच जाऊन बसतं, मग डायल कुठंही फिरवा, ते जागचं हलत नाही. तिसरं आपल्या भागातलं, मिडियम वेव्ह, सांगली आकाशवाणीचं १२५१ किलोहर्ट्झ. कोल्हापूर तिथून पन्नासेक किलोमीटरवर, लांब वायरची अँटेना असेल तर ते बऱ्यापैकी व्होल्टेज घेऊन येतं आणि पहिल्याच मिक्सरला ओव्हरलोड करू शकतं. ७.२ च्या वर लगेच ब्रॉडकास्टवाले सुरू होतात त्यांच्यासाठी मात्र हा फिल्टर फारसं काही करू शकत नाही, ते इतके जवळ असतात की त्यांना क्रिस्टल फिल्टरच अडवणार, तिथं बँडपासकडून अपेक्षाच ठेवू नका.

लहान कपॅसिटरनं एकमेकांना जोडलेल्या तीन ट्यून्ड सर्किटचा जो फिल्टर आपण सगळे बनवतो त्याचा खालचा उतार कडक असतो आणि वरचा सैल. म्हणजे सांगली चांगलं अडतं पण १६.९ तितकं नाही. तिथं ट्रान्समिटरचा लो-पास फिल्टर कामाला येतो, बिटएक्समध्ये तो अँटेनाच्या वाटेवर कायम असल्यामुळं रिसीव्हलाही तो इमेज मारतो. काही जण रिसीव्हची वाट वेगळी काढतात आणि लो-पास वगळतात आणि मग १६-१७ मेगाहर्ट्झचा कचरा ऐकू येतो म्हणून बँडपासला दोष देतात. असं करू नका.

फिल्टरला हात लावायच्या आधी एक सोपी परीक्षा घ्या. अँटेना काढा, आवाज लक्षात ठेवा, अँटेना लावा. खरखर स्पष्ट वाढली का? वाढली असेल तर त्या फ्रिक्वेन्सीला सेटची संवेदनशीलता पुरेशी आहे, आणखी एक-दोन डीबीच्या (सिग्नलच्या कमी-जास्तीचं माप) मागं लागून काहीही मिळणार नाही. ह्याला आकड्यांचा आधार आहे. आयटीयू ह्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं रहिवासी भागातल्या माणसाच्या उपकरणांच्या गोंगाटाचे जे आकडे दिलेत त्यावरून हिशेब केला तर ७.१ मेगाहर्ट्झला आणि एसएसबीच्या (बोलण्याच्या सिग्नलच्या) २.४ किलोहर्ट्झ रुंदीत हा गोंगाट उणे ९१ डीबीएमच्या (शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट) आसपास येतो. एस-९ म्हणजे उणे ७३ डीबीएम, ५० मायक्रोव्होल्ट, आणि एक एस म्हणजे ६ डीबी, म्हणजे साध्या रहिवासी गल्लीत तुमचा मीटर काहीही न ऐकता एस-६ ला असतो! आमच्याकडं त्यात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, आणि उद्यमनगरच्या बाजूला राहत असाल तर मोटरींचे ड्राइव्ह, सगळं वरून. अशा ठिकाणी फिल्टरमध्ये ३-४ डीबी गेले तर सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच खाली येतात, ऐकण्यात काडीचा फरक पडत नाही. म्हणून मी म्हणतो, ४० मीटरवर लॉस कमी करायच्या नादात फिल्टरचा आकार बिघडवू नका. आकार महत्त्वाचा. १० मीटर किंवा ६ मीटरचा सेट असता तर हेच मी म्हटलं नसतं, तिथं एकेक डीबी मोजावा लागतो.

त्या पोराच्या सेटमध्ये ७.०३० ला अँटेना लावली काय काढली काय, आवाज तोच. म्हणजे तिथं खरंच कमी पडत होतं.

मग नॅनोव्हीएनए लावला, कुठल्या फ्रिक्वेन्सीला फिल्टरमधून किती सिग्नल जातो त्याचा ग्राफ काढणारं छोटं यंत्र. एक गोष्ट लक्षात ठेवा, हा फिल्टर दोन्ही टोकांना ५० ओम दिसतील असं धरून डिझाइन केलेला असतो, म्हणून मोजताना तो सर्किटपासून सोडवायचा, दोन्ही बाजूच्या कपॅसिटरचं एकेक टोक उचललं तरी पुरे, आणि छोट्या कोॲक्सचे (शील्डवाल्या केबलचे) तुकडे लावायचे, शील्ड तिथल्या तिथं ग्राउंडला. मगरचिमट्याच्या लांब वायरी लावून जो ग्राफ येतो त्यात निम्मा ग्राफ वायरींचा असतो. ओपन, शॉर्ट, लोड, थ्रू हे कॅलिब्रेशन त्याच कोॲक्सच्या टोकाला करायचं. आणि स्पॅन फार मोठा ठेवायचा नाही, साध्या नॅनोव्हीएनएला एका स्वीपमध्ये १०१ च पॉइंट असतात, ५ ते ९ मेगाहर्ट्झ लावलं तर दर ४० किलोहर्ट्झला एक ठिपका, त्यात आपल्या २०० किलोहर्ट्झच्या पट्टीला जेमतेम पाच ठिपके येणार. लांबून बघायला ते ठीक, शेवटचं लावायला ६.६ ते ७.६ घ्या.

ग्राफ बघितला तर फिल्टरचं टोक ७.१९ ला, ७.१५० ला ४ डीबी लॉस आणि ७.०३० ला १७. बरोबर जिथं सकाळचं नेट तिथं पोरानं पीक केलेलं, आणि हे त्यानं प्रामाणिकपणे कानानं केलेलं होतं, त्यात त्याची काही चूक नाही, सगळीकडं हेच सांगितलेलं असतं.

कानानं का जमत नाही तर तिन्ही सर्किट एकमेकांना जोडलेली असतात. एकाच बाजेवर तिघं झोपल्यासारखं, एक कुशीवर वळला की बाकीचे दोघं हलतात. तुम्ही पहिला ट्रिमर पीक करता, मग दुसरा करता तर पहिला सुटलेला असतो, परत पहिला, मग तिसरा, आणि असं फिरत फिरत तुम्ही एका खोट्या टोकावर जाऊन पोचता, जिथनं कुठलाही ट्रिमर हलवला तरी आवाज कमीच होतो, पण पट्टी मात्र एका बाजूला झुकलेली राहते.

ह्यावर उपाय जुना आहे, १९५१ सालचा. मिल्टन डिशाल नावाच्या इंजिनिअरनं त्या वर्षी एक पेपर लिहिला आणि अशा कितीही सर्किटच्या फिल्टरला एकदाच, क्रमानं, मागं न फिरता कसं लावायचं ते दाखवलं. मला ही पद्धत इतकी आवडते की मी ती प्रत्येकाला शिकवतो. करायचं असं, फिल्टरच्या इनपुटला मधली फ्रिक्वेन्सी द्यायची, आपल्याला ७.१. आउटपुटला ५० ओमचा रेझिस्टर, १०० ओमचे दोन समांतर लावले तरी चालतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉइलवर वायरचा छोटा तुकडा आडवा टाकून ती शॉर्ट करायची. आता नॅनोव्हीएनएच्या दुसऱ्या पोर्टला एक इन्सुलेटेड वायर लावा आणि तिचं टोक पहिल्या कॉइलच्या गरम (ग्राउंडला नसलेल्या) टोकाजवळ न्या, टेकवायचं नाही, दोन-तीन मिलिमीटर लांब, म्हणजे ती फक्त चाहूल घेईल, सर्किटवर भार टाकणार नाही. पहिला ट्रिमर फिरवून हे वाचन जास्तीत जास्त करा. आता दुसऱ्या कॉइलचा शॉर्ट काढा, आणि वायर पहिल्यावरच ठेवून दुसरा ट्रिमर असा फिरवा की वाचन कमीत कमी होईल. हो, कमीत कमी. मग तिसऱ्याचा शॉर्ट काढा आणि तिसरा ट्रिमर जास्तीत जास्तला. जास्त, कमी, जास्त. आधीच्या ट्रिमरला परत हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तिसऱ्याचं टोक जरा बोथट वाटतं कारण त्याच्यावर ५० ओमचा भार असतो, तिथं घाई न करता दोन्ही बाजूंनी सारखंच पडेल अशा मधल्या जागी थांबायचं.

पोराला आधी हे पटेना. "कमी कशाला करायचं ओ?" तर बघ की, दुसरं सर्किट बरोबर ट्यून झालं की ते पहिल्यातली ऊर्जा ओढून घेतं, म्हणून पहिल्यावरचं व्होल्टेज पडतं. जिथं सगळ्यात जास्त पडतं तिथं दुसरं बरोबर ७.१ वर आलं. हे एकदा डोळ्यानं बघितलं की कायमचं डोक्यात बसतं.

पण ह्या सेटमध्ये पहिल्याच पायरीला अडलं. ट्रिमरची एक खूण सांगतो, हे साधे गोल ट्रिमर अर्ध्या फेऱ्यात किमानवरून कमालवर जातात आणि उरलेल्या अर्ध्यात परत येतात, त्यामुळं पूर्ण एक फेरा मारला की टोक दोनदा यायलाच पाहिजे. दोनदा आलं तर बरोबर जागा ट्रिमरच्या हद्दीत आहे. एकदाच आलं तर ते खरं टोक नाही, ट्रिमर संपलाय. इथं एकदाच येत होतं, आणि प्लेटा पूर्ण एकमेकांवर होत्या, म्हणजे अजून कपॅसिटन्स हवाय. टी५०-२ च्या लाल कोअरवर ३२ वेढे म्हणजे ५ मायक्रोहेन्री, त्याला १०० पिकोफॅरॅड म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झ, डिझाइन बरोबरच होतं, पण वेढे ३१ च भरले. एका वेढ्यानं इंडक्टन्स ६ टक्के कमी आणि फ्रिक्वेन्सी ३ टक्के वर, म्हणजे जवळपास २०० किलोहर्ट्झ, अख्खा बँड! कॉइल परत गुंडाळण्यापेक्षा ट्रिमरला समांतर ६.८ पिकोफॅरॅडचा एक कपॅसिटर टाकला. तो एनपीओच, म्हणजे तापमानानं न हलणारा, पाहिजे, चकतीच्या डोक्यावर काळी पट्टी असते तो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागितला की मिळतो, फक्त एनपीओ म्हणून मागा. नुसतं "सहा पॉइंट आठ पीएफ द्या" म्हटलं तर जो हाताला लागेल तो मिळेल आणि मग उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत फिल्टर एका जागी आणि थंडीत दुसऱ्या. कमी-जास्त थोडंच असेल तर वेढे नखानं जवळ सरकवले किंवा पसरले तरी काम होतं, जवळ आणले की इंडक्टन्स वाढतो.

फिरवायचं हत्यार. लोखंडी स्क्रूड्रायव्हर कॉइलच्या कोअरजवळ नेला की इंडक्टन्स बदलतो, ट्रिमरला लावला की तुमच्या हाताचा कपॅसिटन्स त्यात मिळतो, आणि बाजूला घेतला की सगळं हललेलं. मी स्वेटर विणायची प्लॅस्टिकची सुई घेतो, तिचं टोक कानशीनं चपटं करतो, ट्रिमरच्या खाचेत घट्ट बसेल इतकंच. आयएफटीच्या (आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या) डबीतला कोअर असेल तर त्याची खाच फार ठिसूळ असते, टोक सैल बसलं की खाचेचा कोपरा उडतो आणि मग तो कोअर तिथंच जन्मभर. जुन्या डबीत कोअर मेणानं किंवा रबराच्या धाग्यानं पक्का केलेला असतो, जोर लावायच्या आधी डबी जरा गरम करून घ्या.

तिन्ही लागल्यावर ग्राफ बघितला तर वरचा भाग ७.०२ ते ७.१८ जवळजवळ सपाट, लॉस साडेतीन डीबी, कडांना अजून एखादा डीबी खाली. मला ह्यात काहीही बदल नको होता. पोराचं म्हणणं, अजून थोडा लॉस कमी होईल का? होईल, दोन कॉइलना जोडणारे ते तीन पिकोफॅरॅडचे जोड-कपॅसिटर वाढवले की लॉस कमी होईल, पण पट्टी रुंद होईल, मधे खड्डे पडून कुबडं येतील, आणि १२ मेगाहर्ट्झला अडवणं ढिलं होईल. हे देणंघेणं आहे, आणि ४० मीटरवर मी डोळे झाकून लॉस सोसतो. जोड-कपॅसिटर बारीक जमवायचा असेल तर इन्सुलेटेड वायरचे दोन तुकडे एकमेकांत पिळून करा आणि एकेक पीळ सोडत बघा.

नंतर फिल्टर सर्किटमध्ये परत जोडला, आणि इथं शेवटचा हात फिरवावा लागतो, कारण सर्किटमध्ये दोन्ही टोकांना अगदी ५० ओम दिसतातच असं नाही. तो हात फक्त पहिल्या आणि तिसऱ्या ट्रिमरचा आणि तोही केसभर. ७.०२, ७.१ आणि ७.१८ ला सारखाच कमजोर सिग्नल देऊन वाचनं बरोबरीला आणायची. मधल्याला हात नाही.

ज्यांच्याकडं नॅनोव्हीएनए नाही त्यांनी काय करायचं? मित्राचा आणा, हे माझं पहिलं उत्तर. नसेलच तर कुठलाही सिग्नल जनरेटर ॲटेन्युएटरमधनं, आणि सिग्नल इतका बारीक ठेवा की एजीसी जागाच होणार नाही. एजीसीचं कामच मुळी वाढलेला आवाज दाबायचं आहे, तो चालू असताना टोक कुठं आलं ते कान सांगूच शकत नाही. बंद करायची सोय असेल तर सरळ बंद करा आणि ऑडिओ आउटपुटला मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा. मधल्या फ्रिक्वेन्सीला तिन्ही लावून घ्या, मग दोन्ही कडांना वाचन बघा, जी कड पडत असेल तिकडं टोकाच्या दोनपैकी एक ट्रिमर किंचित सरकवा. मधल्या जागी थोडं गमवाल, ते गमवाच.

क्रिस्टल फिल्टरबद्दल थोडक्यात, कारण तो फिरवायचा नसतोच. चार क्रिस्टल एकमेकांच्या ५० हर्ट्झच्या आत जुळवून घेतलेले असले की पुढं फक्त बीएफओची (आयएफमधून आवाज परत काढणाऱ्या ऑसिलेटरची) जागा उरते, फिल्टरच्या उतारावर साधारण २० डीबी खाली. फार आत घेतला तर आवाज घुमतो आणि नको ती बाजू ऐकू येते, फार बाहेर गेला तर माणूस टेलिफोनवरनं बोलल्यासारखा पातळ. हे मात्र कानानंच लावा, ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकत.

इतकी बारीक काळजी मी ह्या बँडची घेतो त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा पुणे-बेंगळुरू हायवे कितीतरी दिवस बंद होता, शहराच्या चारी बाजूंना पाणी. अशा वेळी गगनबावडा, राधानगरी, घाटाखालचं कोकण ह्यांच्याशी व्हीएचएफवर बोलता येत नाही, मधे सह्याद्री. ७ मेगाहर्ट्झला दिवसा कमी उंचीवरच्या डायपोल अँटेनावरनं सिग्नल सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरनं खाली येतो आणि डोंगर आडवा येत नाही. तेव्हा कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जागा मोकळी मिळेल ते आपल्या हातात नसतं, ७.०४ मिळेल नाहीतर ७.१९, सेटनं दोन्हीकडं ऐकलं पाहिजे.

पोराचा सेट झाकण लावायच्या आधी ट्रिमरवर मेणाचा एकेक थेंब टाकला, मेणबत्तीचं साधं मेण, नेलपॉलिश टाकू नका, परत उघडायचं झालं तर ट्रिमर मोडतो. त्यानं ७.०३० ला अँटेना लावून बघितली, खरखर उठली, आणि थोडं वर एक बारीक सीडब्ल्यू चालू होतं ते ऐकत तो बराच वेळ तसाच बसला. ग्राफचा फोटो काढून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगितलाय, मार्कर ७.०, ७.१ आणि ७.२ ला. पावसाळ्यानंतर परत एकदा मोजून बघणार आहोत, आमच्याकडचा चार महिन्यांचा ओलावा ह्या उघड्या ट्रिमरना कितपत हलवतो ते मला बघायचंय, आकडे आले की लिहीन.